भास्कराचार्य : धूळपाटीवरचे पायऱ्यांचे गणित

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावपासून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. आज ते पाटणादेवीचे स्थान आणि गौताळा अभयारण्य यांसाठी ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात येथील देवीच्या मंदिरात एका शिलालेखाकडे एका संशोधकाचे लक्ष गेले. पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे ते संशोधक. १८६५ मध्ये त्यांनी या लेखाची माहिती विद्वानांपुढे ठेवली आणि सुमारे साडेसहा शतके डोंगरात पडून राहिलेला एक दस्तऐवज प्रकाशात आला.

राजांच्या शिलालेखांत बहुधा विजय, वंश आणि देवळांची दाने असतात. हा लेख वेगळा आहे. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी स्थापन झालेल्या मठाला दिलेल्या देणगीची त्यात नोंद आहे. इ. स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख बराचसा संस्कृतात असला, तरी देणगीचा व्यवहारी तपशील त्या काळच्या मराठीत आहे. बाजारातील खरेदी-विक्रीवरचा काही हिस्सा, तेलाच्या घाण्यामागे ठरलेले तेल अशा साध्या वसुलीतून त्या मठाचा खर्च चालायचा होता. ज्यांचे ग्रंथ तेथे शिकवले जाणार होते, ते म्हणजे भास्कराचार्य.

सह्याद्रीतले घराणे, माळव्याशी नाते

आपल्या जन्माचे साल भास्कराचार्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवले आहे. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले. बीड, विजापूर अशी नावे पुढे आली. पाटणे येथील लेखामुळे या घराण्याचा खानदेशाशी असलेला संबंध मात्र पक्का झाला.

घराणे शांडिल्य गोत्राचे आणि विद्येचा वारसा मोठा. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच भास्करांचे गुरू. शिलालेखात वडिलांच्याही मागच्या पाच पिढ्यांची नावे येतात. त्यांतील पाच पिढ्यांपूर्वीच्या भास्करभट्ट या पूर्वजाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असे लेख सांगतो. भोज हा माळव्याचा परमार राजा, त्याची राजधानी धार आणि त्याच माळव्यात उज्जैन. म्हणजे सह्याद्रीतल्या या घराण्याचे माळव्याशी नाते भास्कराचार्यांच्या जन्माआधीच जुळलेले होते.

उज्जैन आणि भास्कराचार्य ही नावे आज जोडीने घेतली जातात. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. ज्या शिलालेखाने त्यांच्या घराण्याचे राजमान सविस्तर सांगितले, त्यात मात्र या पदाचा उल्लेख नाही. उज्जैनमध्ये आज प्रवासी पाहतात ती वेधशाळा अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी उभारली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार झाला. भास्कराचार्य आणि ती वेधशाळा यांच्यामध्ये जवळजवळ सहाशे वर्षांचे अंतर आहे.

तरीही उज्जैनशिवाय भास्कराचार्यांचे गणित उभे राहत नाही. भारतीय ज्योतिषात लंकेपासून उज्जैन व कुरुक्षेत्रावरून मेरूपर्यंत जाणारी रेषा ही शून्य रेखांशाची रेषा मानलेली होती. आज ग्रीनिचला जो मान आहे, तो तेव्हा उज्जैनला होता. ग्रहाचे स्थान आधी उज्जैनच्या रेषेसाठी काढायचे आणि मग आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती अंतरावर, हे पाहून त्यात देशांतराचा संस्कार करायचा, अशी ती रीत. गणिताची कृती सर्वांसाठी एकच. प्रत्येक गावाने तिच्यात आपला आकडा घालायचा. पाटणे आणि उज्जैन यांच्या रेखांशांत एक अंशाचाही फरक नाही. म्हणजे दोन्हीकडच्या मध्यान्हीत चार मिनिटांहून कमी अंतर पडते.

या रेषेची कीर्ती समुद्रापलीकडेही गेली होती. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने भारतीय परंपरेवर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टके केली, ती याच रेषेसाठी. अरबी लिपीत उज्जैनचे नाव एका टिंबाच्या फरकाने अरीन असे वाचले गेले आणि त्याच रूपात ते पुढे युरोपात पोहोचले. संगणकाच्या जगात रोज वापरला जाणारा अल्गोरिदम हा शब्द याच अल-ख्वारिझ्मीच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला आहे. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पायऱ्यांनी उत्तरापर्यंत पोहोचण्याची कृती, हा त्या शब्दाचा अर्थ. भास्कराचार्यांनी आयुष्यभर शिकवले ते हेच.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. शेवटचे दोन भाग ज्योतिषाचे, जाणत्या अभ्यासकासाठी. लीलावती मात्र नवशिक्यासाठी आहे आणि सर्वाधिक लोकप्रियता तिलाच लाभली.

लीलावतीची सुरुवात व्यवहारातल्या मापांनी होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. त्यानंतर एकं, दहं, शतं असे करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे. मग बेरीज-वजाबाकीपासून घनमूळापर्यंत आठ क्रिया, त्यापुढे अपूर्णांक, शून्य, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळ, धान्याच्या राशी, सावलीची मापे. प्रत्येक ठिकाणी रचना जवळजवळ सारखी. आधी एखाद-दोन श्लोकांत नियम आणि लगेच त्यावर छोटे उदाहरण. शिकणाऱ्याने ते तेथल्या तेथे करून पाहायचे.

हे गणित होत असे पाटीवर. म्हणूनच त्याचे नाव पाटीगणित. लाकडी फळीवर धूळ पसरायची आणि त्यात बोटाने किंवा काडीने आकडे लिहायचे. एखादी पायरी पूर्ण झाली की जुना आकडा पुसून त्याच जागी नवा आकडा यायचा. संगणकाच्या स्मृतीत एका नावाच्या कप्प्यात आधी एक किंमत असते आणि पुढच्या सूचनेनंतर तेथे दुसरी येते. पहिल्यांदा प्रोग्रामिंग शिकणारी मुले याच ठिकाणी अडखळतात. धूळपाटीवर बोट फिरवणाऱ्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नसे, कारण ती त्याच्या बोटाखालीच घडत असे.

गुणाकाराचे त्यांचे पहिले उदाहरण १३५ ला १२ ने गुणण्याचे आहे. उत्तर १६२०. पण भास्कराचार्य एका रीतीवर थांबत नाहीत. सरळ गुणा, किंवा १२ चे ८ आणि ४ असे दोन तुकडे करून दोन्ही गुणाकार मिळवा, किंवा आधी ३ ने व मग ४ ने गुणा, किंवा २० ने गुणून त्यातून ८ पट वजा करा. रीत कोणतीही घेतली तरी उत्तर तेच. एक काम अनेक प्रकारे करता येते आणि सोयीचा प्रकार निवडणे हे करणाऱ्याच्या बुद्धीवर असते, हा धडा पहिल्याच पाठात मिळतो.

उलट्या पावलांचे कोडे

लीलावतीतील व्यस्तविधी हा भाग आजच्या संगणकाच्या वर्गात जसाच्या तसा चालेल. त्यातले एक कोडे असे आहे. एका संख्येला ३ ने गुणले. आलेल्या गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवला. त्याला ७ ने भागले. भागाकारातून त्याचा एक तृतीयांश वजा केला. उरले त्याचा वर्ग केला. त्यातून ५२ वजा केले. वर्गमूळ घेतले. त्यात ८ मिळवले. शेवटी १० ने भागले, तेव्हा २ आले. तर मूळ संख्या कोणती?

नऊ सूचनांची ही यादी म्हणजे एक छोटा प्रोग्रामच आहे. भास्कराचार्यांचा नियम सांगतो की शेवटापासून निघावे आणि प्रत्येक क्रिया उलटी करावी. भागाकार असेल तेथे गुणाकार, मिळवले असेल तेथे वजा, वर्ग असेल तेथे वर्गमूळ. २ ला १० ने गुणले की २०. त्यातून ८ गेले की १२. त्याचा वर्ग १४४. त्यात ५२ मिळवले की १९६, वर्गमूळ १४. यापुढे खरी मेख आहे. एक तृतीयांश वजा झालेली संख्या मूळपदावर आणायची, तर तिच्यात एक तृतीयांश मिळवून चालत नाही, निम्मे मिळवावे लागते. म्हणून २१. त्याची सातपट १४७. तीन चतुर्थांश मिळवलेले काढायचे, तर आता तीन सप्तमांश वजा करावे लागतात. म्हणून ८४. त्याला ३ ने भागले की २८. छेद बदलण्याचा हा नियम भास्कराचार्य वेगळा नोंदवतात, कारण नवशिका नेमका तेथेच घसरतो, हे त्यांना माहीत होते. प्रोग्राममधली चूक शोधताना शेवटच्या उत्तरापासून एकेक पाऊल मागे जाण्याची सवय अशाच कोड्यांतून लागते.

इष्टकर्म ही दुसरी रीत. उत्तर ठाऊक नसेल तर कोणतीही सोयीची संख्या धरायची आणि चालून पाहायचे. भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, त्या दोन हिश्श्यांतील फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत उरला. ३० भुंगे धरले तर ६, १० आणि १२ मिळून २८ होतात आणि दोन उरतात. उरायला हवा एकच. म्हणून धरलेल्या संख्येच्या निम्मे, १५. चुकीच्या उत्तरापासून निघून बरोबर उत्तरापर्यंत जाता येते, ही गोष्ट चुकण्याला घाबरणाऱ्या मुलासाठी लहान नाही.

बीजगणितात ते याहून पुढे जातात. एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवले असता पुन्हा पूर्ण वर्ग येईल, अशा पूर्णांक संख्या त्यांनी शोधल्या. त्यातली लहान संख्या २२,६१,५३,९८० आणि मोठी १,७६,६३,१९,०४९. यासाठी त्यांनी वापरलेल्या पद्धतीचे नाव चक्रवाल. ब्रह्मगुप्त आणि जयदेव यांनी आधी केलेल्या कामाचा पाया तिला आहे. एक उत्तर घ्यायचे, त्यावरून पुढचे काढायचे, हवे ते मिळाले का हे तपासायचे. मिळाले नाही तर तीच कृती नव्या आकड्यांवर पुन्हा. प्रोग्रामिंगमध्ये याला लूप म्हणतात. ६१ चा हाच प्रश्न १६५७ मध्ये फ्रान्समधल्या फर्माने युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला, तेव्हा भास्कराचार्यांच्या उत्तराला पाचशे वर्षे होऊन गेली होती.

लीलावती कोण?

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, ही कथा घराघरांत सांगितली जाते. विवाहाचा मुहूर्त कळावा म्हणून पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. वाकून पाहताना तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. मुलीचे दुःख हलके करण्यासाठी वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा येते ती अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. पाटण्याच्या लेखात मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची नावे आहेत, मुलीचे नाही.

ग्रंथात मात्र प्रश्न विचारले जातात ते कोणाला तरी उद्देशून. कधी एखाद्या बालिकेला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला. बाराव्या शतकातील एका आचार्याला गणिताचा प्रश्न मुलीला विचारावासा वाटला, एवढे त्या पानांवर निश्चित आहे.

घोकंपट्टीशी झुंज

श्लोकबद्ध नियमांचे एक बळ असते आणि एक धोकाही. नियम तोंडपाठ होतात, पण पाठ झालेला नियम समजलेला असतोच असे नाही. भास्कराचार्यांना याची जाणीव होती. म्हणून आपल्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिले. वासना म्हणजे येथे नियमामागचे कारण. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ रचला आणि पंचांगकर्त्यांनी तो दीर्घकाळ वापरला. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याची नोंद सापडत नाही.

विद्या मात्र घरात टिकली. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपाल याने आपल्याकडे बोलावून पंडितांत मानाचे स्थान दिले. नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानेच पाटण्याचा मठ स्थापन केला. तेथील निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला देणगी दिली.

पुढच्या शतकांत कारणाचा धागा अनेकांनी सांभाळला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने पाठशाळेत भास्कराचार्यांचे ग्रंथ पुन्हा अभ्यासाला लावले. पृथ्वी गोल आहे आणि ती कशाच्याही आधाराविना अवकाशात आहे, हे भास्कराचार्यांनी युक्तिवादाने मांडलेले होते. त्याचा आधार घेऊन विद्यार्थ्यांना नव्या खगोलशास्त्राकडे नेता येईल, असा त्यांचा विचार होता. तेथील पंडित सुबाजी बापू यांनी मराठीत सिद्धांतशिरोमणिप्रकाश लिहिला. याच पाठशाळेत शिकलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीत गणिताचे नामवंत अध्यापक झाले.

आज गोव्यातील शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना केअर्स योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्सची ओळख करून दिली जाते. स्क्रॅचचे रंगीत ठोकळे एकाखाली एक लावून मांजर चालवण्यापासून हा प्रवास सुरू होतो. पडद्यावरचे मांजर हलले याचा आनंद खराच आहे. पण फळ्यावरचा कोड वहीत उतरवून तोच परीक्षेत लिहिला, तर श्लोक घोकण्यात आणि त्यात फरक उरत नाही. शिक्षकाने विचारायचा प्रश्न आठशे वर्षांपूर्वीचाच आहे. ही पायरी येथेच का? ती उलटी केली तर काय होईल? दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येते का? एखाद्या गावातील शाळेत वीज गेलेली असो किंवा चार मुलांत एकच संगणक असो, हे प्रश्न पाटी-पेन्सिलीवरही विचारता येतात.

भास्कराचार्यांना संगणकाचा जनक ठरवण्याची गरज नाही. त्यांनी यंत्र केले नाही, त्यांनी शिकवले. गोलाध्यायातील यंत्राध्यायात ते आकाश मोजण्याची अनेक उपकरणे वर्णन करतात. गोल, चक्र, घटी, स्वतः कल्पिलेले फलकयंत्र. हे सगळे सांगून झाल्यावर ते श्रेष्ठत्व देतात ते धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला. ती ज्याच्यापाशी आहे त्याला हातातली साधी काठीही पुरते, अशी त्यांची धारणा होती. १९७९ मध्ये अवकाशात सोडलेल्या भारताच्या एका उपग्रहाला भास्कर हे नाव देण्यात आले. पाटण्याच्या मंदिरातील शिळेवर मात्र त्यांच्या नावापुढे घाण्याचे तेल आणि बाजारातला हिस्सा कोरलेला आहे. मुलांना हिशेब समजावा म्हणून एका गावाने उचललेला तो वाटा होता.